गल्लीतला दुसरा पाइप

मला पहिली नोकरी लागली तेव्हा घरात पेढे आले, पण ते फार वेळ गोड लागले नाहीत. खारबाव स्टेशनच्या पलीकडे खाडीकाठी आमचं गाव. त्या गावातून सिव्हिल इंजिनिअर झालेली मी पहिलीच मुलगी. बाबांनी पावसाळ्यात भात लावला आणि उन्हाळ्यात मिठागरावर पाठ भाजली, असं आयुष्य काढलेलं. पोरगी पूल बांधणार, निदान रस्ता तरी, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी जेवताना मी त्यांना खरं काम सांगितलं.

"म्हंजे गटाराचा पानी?" बाबा म्हणाले.

"गटाराचंच. पण साफ केलेलं."

"साफ करून काय करनार त्याचा?"

"परत वापरायचं. डाइंगला, सायझिंगला, बॉयलरला. प्यायला नाही."

बाबांचा हात ताटातच थांबला. "येवढी शिकलीस, बाय, नि गटारात उतरनार?"

"उतरणार," मी म्हटलं आणि आईकडे आणखी एक भाकरी मागितली.

ही दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. भिवंडीत कापड विणणारे लूम रात्रंदिवस चालायचे. वीज गेली की सगळं शहर एकदम गप्प व्हायचं आणि लोक घराबाहेर येऊन उभे राहायचे. मी ज्या सल्लागार कंपनीत लागले तिचं ऑफिस एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली सुताची बाचकी उतरवायचे, त्यामुळे आमच्या खिडकीच्या गजांवर पांढरी तूस कायम चिकटलेली असायची. शहराच्या एका टोकाला नाल्याजवळ सांडपाणी शुद्ध करणारं एक छोटं केंद्र होतं. तिथून निघालेलं पाणी एका जुन्या, आखूड पाइपातून जवळच्या काही डाइंगवाल्यांना मिळत असे. ती व्यवस्था वाढवायची होती. केंद्रात नवे गाळणीचे थर, नवे पंप, आणि तिथून शहराच्या मधून पार दुसऱ्या बाजूच्या डाइंग आणि सायझिंगपर्यंत जाणारी मोठी पाइपलाइन. तिचा आराखडा करण्याचं काम आमच्याकडे होतं.

माझा या कामावर मनापासून विश्वास होता. सायझिंगमध्ये सुताला खळ लावतात, डाइंगमध्ये कापड रंगवतात. दोन्हीकडे पाणी किती लागतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एका डाइंगमध्ये नळाचं, माणसांनी प्यायचं पाणी लाल कापडावर ओतलं जात होतं आणि लालच होऊन मोरीत जात होतं. बाहेर रस्त्यावर बायका हंडे घेऊन टँकरच्या मागे धावत होत्या. हे थांबवायचं असेल तर कारखान्यांना दुसरं पाणी द्यायला हवं, इतकं साधं ते गणित होतं. गटाराचं नाव काढल्यावर नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांना मी हे गणित लग्नाच्या पंगतीतसुद्धा समजावून सांगितलं आहे. नंतर त्यांनी माझ्या शेजारी बसणं बंद केलं.

आमचे साहेब पन्नाशीतले, पाण्याच्या कामात केस पिकलेले. मला व्हॉल्व्हचं चेंबर नीट काढता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी अख्खी दुपार माझ्याकडून तेच पुन्हा पुन्हा काढून घेतलं होतं आणि संध्याकाळी स्वतः चहा मागवला होता. वाईट माणूस नव्हता तो. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्याशी भांडले ते ऐकून लोकांना तसं वाटतं.

पंपांचं आणि केंद्राचं काम ऑफिसातल्या जुन्या लोकांकडे गेलं. मला मिळाली पाइपलाइनच्या वाटेतली एक लांबलचक गल्ली. कारण साहेबांनीच सांगितलं, "तू इथली आहेस. बायकांशी बोलता येईल तुला."

त्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने, त्यांच्या माळ्यावर कामगारांच्या खोल्या आणि मध्ये मध्ये भिश्या. भिसी म्हणजे गाव सोडून एकट्याने लूमवर राबणाऱ्या पुरुषांची खाणावळ. दिवसपाळीची माणसं जेवून गेली की रात्रपाळीची येतात, चूल थंड होत नाही. मी आणि आमचा सर्व्हेचा माणूस लेव्हल मशीन घेऊन उतार मोजत चाललो होतो. गल्लीच्या तोंडाशी, जिथे जुना आखूड पाइप संपत होता, तिथे त्याचं शेवटचं चेंबर होतं. त्याचं झाकण उघडं होतं, आतला सांधा गळत होता आणि बायका कॅन घेऊन ओळीने बसल्या होत्या.

त्यांच्यात सगळ्यांत पुढे होती ती अक्का. तेलुगू घरातली, जन्म भिवंडीतलाच. नवरा लूमवर आणि ती भिसी चालवणारी. अख्खी गल्ली तिला अक्काच म्हणायची, तिच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. कॅन भरून बाजूला सरकवत ती माझ्याकडे बघत होती.

"मोजता काय?" तिने विचारलं.

"नवीन पाइप येणार आहे. या गल्लीतून."

ओळीतल्या बायका एकदम बोलायला लागल्या. कुणीतरी मागे वळून हाक मारली, "ए, पाइप आनेवाला है, पानी का!" मला घाईने सांगावं लागलं की तो पाइप त्यांच्यासाठी नाही, कारखान्यांसाठी आहे, आणि हेच पाणी त्यातून जाणार आहे.

"हेच?" अक्काने कॅनकडे बोट दाखवलं.

"हो. हे गटाराचं पाणी आहे, साफ केलेलं. तुम्ही हे नेता कशाला?"

"भांडी घासायला. फरशीला. मोरीला."

"प्यायला?"

"प्यायला नळ आहे. एक दिवस सोडून, तासभर येतो. करंगळीएवढा येतो."

"आणि नाही आला तर?"

ती उठून उभी राहिली. पदराला हात पुसले. "मॅडम, माझ्याकडे दोन्ही पाळीची माणसं जेवतात. नळ नाही आला म्हणून त्यांची भूक थांबते का? डाळ शिजवायला पाणी लागतं. मग मी उकळते. लई उकळते."

मला माहीत होतं की उकळून जंतू मरतील, पण या पाण्यात बाकी जे काही आहे ते भांड्यातच राहील. मी ते तिला तिथल्या तिथे सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं. मग कुठलं पाणी घेऊ ते पण सांगा ना."

आमच्या सर्व्हेच्या माणसाने मशीन उचललं आणि आम्ही पुढे गेलो.

ऑफिसात आल्यावर मी त्या गल्लीचा नकाशा उघडला आणि बसून राहिले. गळणाऱ्या एका सांध्यावर इतक्या बायका बसत होत्या. आम्ही तर आता भरलेला, दाब असलेला पाइप प्रत्येक उंबऱ्यासमोरून नेणार होतो. पिण्याचं पाणी नसलेल्या गल्लीतून. त्याला कोण हात लावणार नाही? कुणी प्लंबर आणून टॅप मारील, कुणी ड्रिल घेऊन भोक पाडील. शिवाय पिण्याच्या पाण्याचा जो जुना, गंजलेला पाइप त्या गल्लीत होता तो बहुतेक वेळ रिकामाच असायचा. रिकामा पाइप भोवतालची घाण आत ओढतो. त्याच्या शेजारी आमचा पाइप गळायला लागला, तर जे तासभर येतं तेही गेलं.

आणि मग मी अहवालाचा तो भाग पुन्हा वाचला, ज्यात कारखान्यांनी नळाचं पाणी सोडल्यावर वाचणाऱ्या पाण्याचं काय करायचं ते लिहिलं होतं. ते पाणी 'भविष्यातील विकासासाठी' ठेवलं होतं. म्हणजे बायपासच्या बाजूला अजून बांधायच्या होत्या त्या इमारतींसाठी. त्या इमारतींच्या जागी तेव्हा गवत होतं आणि त्यात म्हशी चरत होत्या. म्हशींनंतर जे कुणी येतील त्यांच्यासाठी पाणी राखून ठेवलेलं, आणि अक्काच्या डाळीला नाही!

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, त्या गल्लीत दोन पाइप टाकायला हवेत. आपला, आणि पिण्याचा."

"पिण्याचा आपल्या कामात येत नाही," साहेब म्हणाले. मान वर केली नाही.

"मग आपला त्या गल्लीतून नेता येत नाही."

आता त्यांनी मान वर केली. मी बायकांचं, चेंबरचं, रिकाम्या पाइपाचं सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "बोर्ड लावू. जागोजागी. 'हे पाणी पिण्यायोग्य नाही.'"

"कुठल्या भाषेत, सर? मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू? गल्लीत ओडिशाची माणसं पण आहेत. आणि वाचता येत असून पण आज घेतातच ना? त्यांना सांगावं लागत नाही हे काय आहे ते. त्यांना दुसरं मिळत नाही."

"मग टॅप मारले तर ती चोरी आहे. ती आपली जबाबदारी नाही."

"डिझाइन आपलं आहे," मी म्हटलं.

ते खुर्चीत मागे टेकले. "हे बघ, तू नवीन आहेस. एका पाइपाच्या कामात दुसरा घुसवला की दोन्ही अडकतात. मी पाहिलंय. आधी एक होऊ दे."

अनुभवी माणसाचं बोलणं होतं ते, आणि खोटंही नव्हतं. पण 'आधी एक' म्हणजे आधी कुणाचा, हे त्यात ठरूनच गेलं होतं.

मी जागेवर आले आणि दुसरा पाइप काढायला घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. सोपं नव्हतं ते. पिण्याचा पाइप आपल्या पाइपापासून लांब हवा, त्याच्यापेक्षा वर हवा आणि गटारापासून तर दूरच हवा. गल्ली एवढी अरुंद की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागे. गटार एका बाजूने उघडं वाहत होतं. शेवटी मी आमचा पाइप गटाराच्या अंगाने खोल घातला आणि पिण्याचा दुसऱ्या बाजूला, कारखान्यांच्या जोत्याला लागून उथळ. आमच्या पाइपाला गल्लीत कुठेच तोटी नाही, चेंबरला कुलूप, आणि पाइप जांभळा, म्हणजे बघताच ओळखू यावा. पिण्याचा निळा. दर काही घरांमागे एक सार्वजनिक नळ. पाणी कुठलं? कारखाने सोडतील तेच. नळाच्या पाण्याची टाकीही जवळच होती. गणित बसत होतं. साहेबांनीच शिकवलेल्या पद्धतीने मी ते मांडलं आणि ती शीट बाकीच्या नकाशांत लावून दिली.

सादरीकरणाच्या दिवशी सकाळी साहेबांनी गठ्ठा चाळला, ती शीट काढली, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

हॉलमध्ये डाइंगवाले आणि सायझिंगवाले शेठ बसले होते, समोर पाण्याच्या खात्याचे एक अधिकारी. मी प्रोजेक्टरपाशी उभी होते, चित्रं पुढे सरकवायला. साहेब छान बोलले. गाळणी, पंप, दाब, सगळं. शेठ लोक खूश होते. मग अधिकाऱ्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "या मधल्या गल्लीत काही अडचण नाही ना? जागेवर पाहिलंय?"

"पाहिलंय," साहेब म्हणाले.

"मी पाहिलंय," मी म्हटलं. "अडचण आहे."

माझा आवाज त्या हॉलमध्ये जरा मोठाच आला. सगळ्यांनी माना वळवल्या. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. हातातली शीट उघडली, टेबलावर पसरली, पाण्याचे ग्लास ठेवून कोपरे दाबले आणि दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं.

एक वयस्कर शेठ, डाइंगवाले, हसले. "बेटी, हम पानी माँगने आए हैं, तुम हमारे पानी में हिस्सा बता रही हो."

"शेठजी, तुमचा हिस्सा तुम्हालाच आहे. तुम्ही आज जे नळाचं पाणी कापडावर ओतता त्याबद्दल बोलतेय मी. ते सोडल्यावर तुमचं राहत नाही."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. अधिकारी शीटवर वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "बघू." साहेबांनी पुढचं चित्र लावायला सांगितलं. मी लावलं. मला प्रचंड राग आला होता आणि त्या रागात बरंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्या गल्लीचा अंतिम नकाशा आला. एक पाइप. खालच्या चौकटीत 'डिझाइन' या शब्दापुढे माझं नाव छापलेलं, सहीची जागा मोकळी.

"सर्व्हे तुझा, उतार तुझे, सही तुझी," साहेब म्हणाले.

"माझं डिझाइन दोन पाइपांचं आहे, सर. हे माझं नाही."

"सही कर आणि विषय संपव."

"नाही करणार."

"कारण काय लिहू?"

"लिहा, की ती म्हणाली माणसं आजारी पडतील."

त्यांनी नकाशा उचलला. त्या आठवड्यात मला त्या कामावरून काढून पावसाळी गटारांच्या एका कामाला लावलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने सही केली. त्याचं त्याच्यापाशी. तो मला म्हणाला, "तू नाही केलीस म्हणून पाइप थांबणार आहे का?" तेव्हा मलाही वाटलं, थांबणार नाही. तरी मी केली नसतीच.

एका रविवारी साहेबांचा घरच्या फोनवर फोन आला. बाबांनी उचलला. मी ओसरीवरून ऐकत होते. साहेब बहुधा समजावत होते, मुलगी हुशार आहे, हट्टी आहे, त्या गल्लीच्या सर्व्हेच्या कागदांवर तरी सही हवी आहे, तुम्ही सांगा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"सायेब," बाबा म्हणाले, "मला त्यातला कलत न्हाय. पन ती न्हाय बोलली हाय ना? मंग न्हाय करनार. लहानपनी औषध पन न्हाय घेत होती. तुमी जेवलात का?"

फोन ठेवून ते माझ्याकडे आले. "काय केलास तू? चोरी केलीस?"

"नाही, बाबा."

"कोनाचा वाईट केलास?"

"नाही."

"मंग तोंड कशाला पाडलास?" असं म्हणून ते गुरांना पाणी दाखवायला गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी अक्काच्या भिसीत गेले. दिवसपाळीचे कामगार ओळीने जेवायला बसले होते, केसांत आणि भुवयांवर तूस. मी माझी शीट जमिनीवर उघडली. अक्काने हात धुतले आणि समोर बसली. माणसंही ताटं घेऊन सरकली. कुठला पाइप कुठून जाणार, काय ठरलंय, काय ठरायला हवं होतं, कुठलं पाणी कुणासाठी ठेवलंय, सगळं सांगितलं. ऑफिसच्या कामाचं असं बाहेर सांगायचं नसतं, हे मला कळत होतं. पण पाइप त्यांच्या दारातून जाणार होता. त्यांना सांगायचं नाही तर कुणाला? मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

एका कामगाराने विचारलं, "मतलब सूत को पानी मिलेगा?"

"मिलेगा."

"और हम को?"

अक्काने शीटवरच्या निळ्या रेषेवर बोट ठेवलं आणि ते गल्लीभर फिरवलं. मग म्हणाली, "हा आधी. तो नंतर."

"त्यांनी नाही ऐकलं तर?"

"तर खड्डा तर आमच्याच दारात खणणार ना?" ती म्हणाली आणि उठून ताटात भात वाढायला लागली.

खोदाई उन्हाळ्यात सुरू झाली. चर गल्लीच्या तोंडापासून थोडा आत आला आणि एका सकाळी त्यात बायका उतरून बसल्या. अक्का सगळ्यांत पुढे, मांडीवर सूप, सुपात तांदूळ. ती चरात बसून तांदूळ निवडत होती. रात्रपाळी सुटलेली माणसं झोपायला न जाता काठावर बसली. ठेकेदार आला, ओरडला, विनवण्या केल्या. पोलीस आले. अक्काने त्यांना विचारलं, "साहेब, तुमच्या घरी डाळ कुठल्या पाण्यात शिजते?" पोलीस चहा पिऊन गेले. जेवणाच्या वेळी बायका पाळीपाळीने वर आल्या, स्वयंपाक केला, परत खाली गेल्या. चर मोकळा राहू दिला नाही. मी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जायची आणि काठावर बसायची. कुणी विचारलं तर नाव आणि कंपनी दोन्ही सांगायची.

काही दिवस असेच गेले. डाइंगवाल्यांची टँकरवर ओढाताण चालली होती, त्यांना पाणी लवकर हवं होतं. हॉलमध्ये हसलेले तेच वयस्कर शेठ एका दुपारी गल्लीत आले, काठावर उभे राहिले आणि खाली वाकून अक्काशी बराच वेळ बोलले. काय बोलले ते मला तिनेही कधी नीट सांगितलं नाही. जाताना त्यांनी ठेकेदाराला एवढंच विचारलं, "वो दूसरावाला नक्शा किसके पास है?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"ती शीट आहे?"

"आहे."

"दे."

"देते, सर. पण सही माझी राहील. आणि पिण्याचा पाइप आधी टाकायचा. त्यात पाणी आल्यावरच आपल्यात सोडायचं. तसं नकाशावर लिहून जाईल."

"अटी घालतेस मला?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावर नकाशा ठेवायला जागा केली. आम्ही दोघांनी मिळून ती शीट पुन्हा तपासली. त्यांनी माझ्या दोन चुका काढल्या. जोत्याला लागून पाइप नेताना एका ठिकाणी व्हॉल्व्ह हवा होता तो मी दाखवला नव्हता, आणि एक उतार उलटा होता. मी दुरुस्त केल्या. मला ते आवडलं, हे कबूल करते. भांडण चालूच होतं, पण काम नीट होत होतं.

पाण्याच्या खात्याने दोन पाइपांचा नकाशा मान्य केला आणि बायका चरातून उठल्या, पण सगळं मिळालं नाही. गल्ली एका वळणानंतर दुसऱ्या टाकीच्या हद्दीत जात होती. तिथल्या टाकीत पाणीच पुरत नाही, असं खात्याने सांगितलं. वळणापुढे निळी रेषा पुसली गेली आणि कोपऱ्यावर एक नळ देऊन बोळवण झाली. मी त्यावर भांडले, हरले, पुन्हा भांडले. त्या वळणापुढच्या भागात आमचा पाइप मी गल्लीतून काढून मागच्या रस्त्याने वळवून घेतला, म्हणजे निदान त्यांच्या दारात तो नको. लांबी वाढली म्हणून सगळे चिडले. चिडू दे.

पुढच्या वर्षी करार संपला तेव्हा कंपनीने मला ठेवलं नाही. साहेबांनी शिफारसपत्र चांगलं दिलं. त्यात 'आग्रही' असा शब्द होता. मी मग पडघ्याकडच्या ग्रामपंचायतींच्या पाणी योजना करायला लागले. छोटी कामं, पण तिथे नकाशा लोकांसमोर उघडल्याबद्दल कुणी विचारत नसे.

निळ्या पाइपात पहिल्यांदा पाणी सोडलं तो दिवस मात्र मी चुकवला नाही. कंपनी सुटलेली असूनही गेले. गल्लीत सगळे बाहेर आले होते, लूम बंद करून माणसं दारात उभी. आधी नळातून नुसती हवा फुसफुसली, मग तांबूस पाणी थुंकत आलं, मग साफ धार लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पोरं धारेखाली डोकं घालायला लागली, त्यांना बायकांनी हाकललं.

अक्का हंडा घेऊन आली. तिने हंडा भरून घेतला. ओंजळीत पाणी घेऊन प्यायली, तोंड पुसलं आणि वर माळ्यावरच्या खोल्यांकडे बघितलं. तिथे खिडकीत एक बाई रिकामी बादली धरून उभी होती.

"मॅडम," अक्का म्हणाली, "वर चढत नाही हे. दाब कमी आहे."

"सुरुवात आहे, वाढेल."

"कधी? कोणाला विचारायचं, ते सांगा. मी उद्याच जाते."

मी तिला टाकीवरच्या ऑफिसचा पत्ता सांगितला, कुठल्या साहेबांना भेटायचं ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले.